उल्हासखोऱ्यातून कराचीस : चार वाटांचा इतिहास 🧵

१/
अंबरनाथजवळच्या पालेगावातून परदेशी जायचे म्हटले की आज डोळ्यांपुढे विमानतळच येतो. पण या परिसरातील हजारो कुटुंबांचा एक परदेश असा आहे, जो पूर्वी त्यांचा स्वदेशच होता. तो म्हणजे सिंध, आणि त्याचे बंदर कराची. मुंबईपासून आकाशमार्गे अंतर सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे दिल्लीहूनही कमी. तेथे जाण्याच्या वाटा कोणत्या होत्या आणि त्या एकेक करून कशा मिटल्या, याचा हा मागोवा.

२/
प्रथम एका विस्मृत गोष्टीची नोंद करू. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला गेला. १ एप्रिल १९३६ रोजी स्वतंत्र प्रांत होईपर्यंत कराचीचा कारभार मुंबईहून चाले. ठाणे आणि कराची हे एकाच इलाख्यातले दोन जिल्हे होते. कराचीस जाणारा ठाणेकर परमुलखास निघाला आहे, असे कोणी म्हणत नसे.

३/
या संबंधाची एक खूण कराचीत आजही उभी आहे. १८५५ मध्ये स्थापन झालेली तेथील सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. वैद्य हे मराठी गृहस्थ. सिंधच्या शिक्षण खात्यातील अधिकारी. देश बदलला, नकाशा बदलला, शाळेचे नाव मात्र टिकले.

४/
पहिली वाट जलमार्गाची. मुंबई ते कराची हा प्रवास आगबोटीने साधारण दीड-दोन दिवसांचा. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी या मार्गावर होत्या आणि त्यांपैकी काही कराचीहून पुढे इराणी आखातात जात. व्यापारी, कारकून, विद्यार्थी, यात्रेकरू अशा सर्वांना ही वाट सोयीची होती. कारण गोदीत सामान चढवले की ते थेट पैलतीरावरच उतरवायचे.

५/
दुसरी वाट लोहमार्गाची, आणि ती बरीच वळणाची. अहमदाबादपर्यंत ब्रॉडगेज, तेथून मीटरगेजने मारवाड जंक्शन, लुणी, बाडमेर, मुनाबाव, खोखरापार, मीरपूरखास करीत सिंधमधील हैदराबाद, पुढे सिंधू नदी ओलांडून पुन्हा ब्रॉडगेजने कराची. वाळवंटातून जाणारा हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. वाटेत गाडी बदलावी लागे. कागदपत्रे मात्र दाखवावी लागत नसत.

६/
तिसरी वाट आकाशाची. लंडनहून येणारी हवाई टपाल सेवा १९२९ मध्ये कराचीपर्यंत पोचली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून एक लहानसे पस मॉथ विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे टपाल घेऊन ते मुंबईत जुहूला उतरले. भारतीय नागरी विमान वाहतुकीच्या इतिहासातले हे पहिले पान कराची ते मुंबई या वाटेवरच लिहिले गेले.

७/
फाळणी झाली आणि याच वाटांवरील प्रवासाची दिशा पालटली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली. तोवर घर सोडण्याविषयी मनाची चलबिचल असलेल्या असंख्य सिंधी हिंदूंनी त्यानंतर बंदराची वाट धरली. बोटी मुंबई, ओखा, पोरबंदर, वेरावळ येथे लागल्या. आगगाड्या खोखरापार-मुनाबावमार्गे मारवाडात आल्या. झुलेलाल या जलदैवताची उपासना करणाऱ्या समाजातील मोठा भाग असा पाण्यावरूनच परागंदा झाला.

८/
मुंबईच्या गोदीत उतरलेल्यांपैकी अनेकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या बराकी रिकाम्या पडल्या होत्या. त्यांत आणि आसपास सुमारे एक लाख निर्वासित राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर ठरले. ‘कॅम्प नंबर’ सांगून पत्ता देण्याची तेथील रीत हा त्या छावणीचाच वारसा.

९/
येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आलेल्यांपैकी अनेकांनी घराला कुलूप लावून किल्ली बरोबर आणली होती. परिस्थिती निवळली की परत जाऊ, निदान सामान तरी घेऊन येऊ, अशी त्यांची समजूत होती. ती भाबडी म्हणता येणार नाही. बोटी चालू होत्या, गाड्या चालू होत्या. ज्या वाटेने आलो त्या वाटेने परतता येते, हाच तोवरचा अनुभव होता.

१०/
वाटेआधी कागद आडवा आला. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना आवश्यक केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही तसेच केले. ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र आणि व्हिसा लागू झाले. रूळ तेच, समुद्र तोच. पण आपल्याच जन्मगावी जाण्यासाठी आता परक्या सरकारची अनुमती लागू लागली.

११/
मग वाटा तुटल्या. १९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोखरापार रेल्वे बंद पडली, ती चार दशके. १९७१ ते १९७६ या काळात दोन्ही देशांमधील विमानसेवा खंडित होती. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून ती पुन्हा दोन वर्षे थांबली. आखाती मार्गावरील ब्रिटिश इंडियाची अखेरची प्रवासी बोट ‘द्वारका’ १९८२ मध्ये मोडीत निघाली आणि त्या जुन्या जलमार्गाचा काळ सरला.

१२/
एकदा मात्र काळाने उलटे पाऊल टाकले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी मुनाबाव-खोखरापार मार्ग पुन्हा खुला झाला आणि जोधपूरजवळील भगत की कोठी ते कराची अशी थार एक्स्प्रेस धावू लागली. एक्केचाळीस वर्षांनी सिंधची गाडी परत आली. ज्यांनी तरुणपणी गाव सोडले, ते आता सत्तरी-ऐंशीत होते. ऑगस्ट २०१९ मध्ये तीही थांबली.

१३/
वाट खुली असतानाही ती मोकळी नव्हती. मुंबईत पाकिस्तानचा वाणिज्य दूतावास नसल्याने अर्ज दिल्लीस करावा लागे. व्हिसा साऱ्या देशाचा न मिळता ठरावीक शहरांचा मिळे. कोणत्या ठाण्याने आत जायचे आणि बाहेर पडायचे, हेही ठरलेले असे. बहुतेकांना पोलिसांकडे नोंद करावी लागे. कराचीचा व्हिसा हाती असला तरी शंभर कोसांवरचे आजोळचे खेडे पाहता येईलच, असे नव्हते.

१४/
चौथी वाट पायांची, अटारी-वाघा सीमेची. उल्हासखोऱ्यातून अमृतसर, सीमा पायी ओलांडून लाहोर, आणि तेथून पुन्हा दक्षिणेस कराची : ९०० किलोमीटरवरचे शहर गाठण्यास तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा फेरा. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर अटारीची तपासणी चौकी बंद झाली, पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले आणि दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले दीर्घकालीन व्हिसा तेवढे वगळण्यात आले. उल्हासनगरसारख्या शहरात अनेक घरांचा जीव या एका अपवादाने भांड्यात पडला.

१५/
दुबईमार्गे जायचे म्हटले, तरी विमानाचा फेरा तीन हजार किलोमीटरच्या घरात जातो, आणि त्यासाठीही व्हिसा हवाच. शंभर वर्षांपूर्वी याच प्रवासाला एक तिकीट आणि दोन रात्री पुरत. मधल्या काळात आगबोटीच्या जागी जेट विमाने आली, वेग अनेक पटींनी वाढला, आणि कराची मात्र दूर दूर जात राहिली.

१६/
म्हणून वाहतुकीचा इतिहास केवळ यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून वाचला, तर उल्हासखोऱ्याची कथा त्यात बसत नाही. येथील एका पिढीला परदेश गाठण्यासाठी प्रवास करावाच लागला नाही; बराकीत बसल्या बसल्या तिचे गाव परदेश झाले. त्या पिढीतले थोडेच लोक आज उरले आहेत. त्यांच्याकडून बंदराचे, बोटीचे, गल्लीचे नाव विचारून लिहून ठेवणे, एवढी एक वाट अजून उघडी आहे. तिला व्हिसा लागत नाही. पण तीही फार काळ उघडी राहणार नाही.