काळ्या गाठीचं भाकीत

इंग्लंडमधल्या स्टाउरब्रिजचे डॉक्टर विल्यम नॉरिस यांनी १८२० साली मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाचे वडीलही अशाच आजाराने गेले होते, हेही त्यांनी टिपलं. निरीक्षण इतकं बारीक, पण कोणता रुग्ण वाचेल हे सांगायला भरवशाचं साधन मिळेपर्यंत दीडशे वर्षं गेली. १९६९ मध्ये वॉलेस क्लार्क यांनी गाठ त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरली यावरून पाच पायऱ्या ठरवल्या. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी ९८ रुग्णांच्या गाठींची जाडी सूक्ष्मदर्शकातल्या पट्टीने सरळ मिलिमीटरमध्ये मोजली. क्लार्क यांची पद्धत शरीररचनेला धरून होती, पण थर कुठे संपतो यावर दोन तज्ज्ञांचं जमेना. ब्रेस्लो यांचा आकडा जवळपास बाळबोध, आणि आजही टिकून आहे तो तोच. भाकिताच्या खुणेला सखोलतेइतकीच, माझ्या मते थोडी अधिकच, गरज असते ती कुणीही मोजली तरी तीच भरण्याची.

मेलॅनोमाचं भाकीत सांगू पाहणाऱ्या एपिजेनेटिक खुणांची परीक्षा इथेच आहे. त्यांत जनुकाची अक्षरं बदलत नाहीत; डीएनएवर बसलेले मिथाइलचे बारीक ठिपके जनुकाला गप्प करतात किंवा बोलतं ठेवतात. मेलॅनोमात अनेकदा आढळणारा बीआरएएफ जनुकातला बदल बहुतेक निरुपद्रवी तिळांतही असतो, हे २००३ मध्ये दिसलं. तेव्हा अक्षरांपलीकडे पाहणं भागच होतं. जाडीचे पाठीराखे का चुकतात, तेही ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने दाखवलं: तिथे चार मिलिमीटरहून जाड गाठींपेक्षा एक मिलिमीटरपर्यंतच्या पातळ गाठींनी अधिक माणसं दगावतात, कारण पातळ गाठी संख्येनेच फार. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण गोची अशी, की जिथे पट्टी मुकी होते त्याच पातळ गाठीत तपासायला ऊतक चिमूटभर उरतं, तेही फॉर्मलिनने झिजलेलं, आणि त्यात निरोगी त्वचेच्या पेशी मिसळलेल्या. ही मिसळ दर नमुन्यात वेगळी, म्हणून मिथाइलचा आकडाही हलतो.

२०१२ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलेली खूण त्यातल्या त्यात सोयीची वाटते: तिळात असणारा हायड्रॉक्सीमिथाइलचा, म्हणजे मिथाइलच्याच एका बदललेल्या रूपाचा, ठसा मेलॅनोमात पुसट होतो, आणि तो रंग देऊन काचपट्टीवरच पाहता येतो. मात्र पुसट म्हणजे किती, यावर पुन्हा दोन डोळ्यांचं जमायला हवं.