योसेमिटी : धबधबे आणि जाळलेली वस्ती

मागच्या मे महिन्यात मुलीकडे कॅलिफोर्नियात होतो. तिने सिएरा नेव्हाडा पर्वतातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेले. वरचे बर्फ वितळते ते याच दिवसांत, म्हणून धबधबे मे महिन्यात पाहावेत असे तिथले लोक सांगतात. योसेमिटी धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट कोसळतो. उन्हाळा सरता सरता तो बहुधा आटतो. मर्सेड नदीवरचे व्हर्नल (३१७ फूट) आणि नेव्हाडा (५९४ फूट) मात्र वर्षभर वाहतात. व्हर्नलच्या कडेने दगडी पायऱ्यांची वाट आहे. निम्म्या वाटेतच अंगावरचे कपडे चिंब झाले. हे सौंदर्य नाकारण्याचे मला काही कारण नाही. उभा आडवा पाहत राहिलो.

पण मी आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. एवढे पाणी, एवढी गवताची कुरणे, आणि इथे कोणी राहत नव्हते? हा प्रश्न मनात आला आणि मग सोडेना.

उत्तर दरीतल्याच छोट्या संग्रहालयात होते. तिथे ल्यूसी टेलीस या बाईने विणलेली एक प्रचंड टोपली आहे. चार वर्षे खपून तिने ती पुरी केली, आणि १९३९ च्या सान फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली गेली होती. ल्यूसी ज्या लोकांतली, ते या दरीला अवानी म्हणत. ओकची फळे दळायची, पाण्याने त्यांचा कडवटपणा काढायचा आणि ते पीठ शिजवून खायचे, हे त्यांचे मुख्य अन्न. ठरावीक काळाने ते गवताला आग लावीत, त्यामुळे ओकच्या झाडांना उजेड मिळे आणि कुरणे मोकळी राहत. ज्या कुरणांना आलेले प्रवासी निसर्गाची बाग म्हणाले, ती माणसांनी राखलेली होती. (या लोकांना ‘इंडियन’ म्हणतात. कोलंबसाच्या चुकीमुळे आपल्या देशाचे नाव त्यांच्या माथी बसले.)

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि गोऱ्यांची झुंड लोटली. १८५० साली तिथल्या विधिमंडळाने एक कायदा केला. नाव ‘इंडियनांचे शासन व संरक्षण’. प्रत्यक्षात त्याने इंडियन माणसाला आणि पोराबाळांना सक्तीने कामाला जुंपण्याची सोय केली. कायद्याच्या नावातला ‘संरक्षण’ हा शब्द आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. १८५१ च्या जानेवारीत राज्यपाल बर्नेट यांनी ही जमात नामशेष होईपर्यंत युद्ध चालेल, असे विधिमंडळापुढे सांगितले. मार्चमध्ये मॅरिपोसा बटालियन दरीत शिरली. तिने झोपड्या जाळल्या, ओकच्या फळांची कोठारे जाळली. वर्षभराचे धान्य जाळले की माणसे आपोआप डोंगरातून खाली उतरतात.

या पलटणीबरोबर लफायेट बनेल नावाचा वैद्यक जाणणारा गृहस्थ होता. दरीला ‘योसेमिटी’ हे नाव त्यानेच सुचवले. शेजारच्या लोकांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘मारेकरी’ असा होतो, असे अभ्यासक सांगतात. व्हर्नल आणि नेव्हाडा ही धबधब्यांची नावेही त्याचीच. त्याने १८८० साली पुस्तक लिहिले, त्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. मे १८५१ मध्ये दुसरी मोहीम आली. टेनाया या प्रमुखाचा धाकटा मुलगा पळताना गोळी घालून मारला गेला. त्याचे प्रेत बापाला पाहावे लागले. त्यानंतर वरच्या एका सरोवराकाठी उरलेली माणसे पकडली. बनेलने टेनायाला सांगितले की आम्ही या सरोवराला तुझे नाव दिले आहे. टेनाया म्हणाला, त्याला नाव आहे, पायवीॲक. तेव्हा बनेलने त्याला समजावले की तुझी माणसे इथे सापडली आणि तू आता इथे राहायला परत येणार नाहीस, म्हणून हे नाव. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला, हे बनेलच लिहून ठेवतो.

आता आपल्याशी संबंध असलेली गोष्ट. ३० जून १८६४ रोजी अब्राहम लिंकन यांनी सही करून ही दरी लोकांच्या विहारासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली. १८६३ साली गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही करणारा हात हाच. दरीतल्या माणसांना कोणी विचारले नाही. नऊ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका मी वर्गात किती वर्षे भरल्या गळ्याने वाचून दाखवली! जोतीरावांच्या कृतज्ञतेत काही खोट नाही, आणि आजही मी ती तशीच वाचीन. परंतु त्या वर्गात मी टेनायाचे नाव एकदाही घेतले नाही. हा दोष माझ्या वाचनाचा.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. १८९० साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि राखणीला लष्कर आले. १८९९ मध्ये चोविसावी पायदळ पलटण आणि १९०३–०४ मध्ये नववी घोडदळ पलटण इथे होती. या पलटणींचे शिपाई काळे, बहुतेक अधिकारी गोरे. गुलामांची मुले-नातवंडे घोड्यावर बसून चोरटी शिकार अडवीत होती, मेंढ्यांचे कळप हाकलीत होती, वणवे विझवीत होती. आणि याच पलटणी त्याआधी मैदानी मुलखात इंडियनांशी लढल्या होत्या. त्यांना दोष देण्याची माझी तयारी नाही. कोरेगावला १८१८ मध्ये लढलेले, आणि ज्यांची भरती पुन्हा सुरू करा म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, ते कोण होते? पोटासाठी आणि मानासाठी गणवेश घालणे म्हणजे काय, हे आपल्या घरात आपण ऐकलेले आहे. पण राखलेली जमीन कोणाकडून घेतलेली, हा प्रश्न गणवेशाने मिटत नाही.

मूळ लोक इतके होऊनही दरी सोडून गेले नव्हते. ते हॉटेलांत धुणीभांडी करीत, लाकडे फोडीत, टोपल्या विकीत. १९१६ पासून १९२९ पर्यंत प्रवाशांसाठी ‘इंडियन दिन’ भरत. त्यात या लोकांना दूरच्या मैदानी जमातींचा पिसांचा पोशाख घालायला लावीत, कारण इंडियन तसाच दिसतो अशी प्रवाशांची समजूत! त्यांच्या साली लावलेल्या झोपड्या कोणाला चित्रासारख्या वाटेनात. पुढे जुनी वस्ती हलवून १९३० नंतर छोट्या खोल्या बांधून दिल्या. १९५३ मध्ये नियम झाला की उद्यानाच्या कायम नोकरांनाच इथे राहता येईल. नोकरी गेली की घर गेले. १९६९ मध्ये उरलेली घरे जाळून टाकली, आग विझवण्याच्या सरावासाठी.

मी मुलीला म्हटले, मला ती जागा दाखव. वाहोगा तिचे नाव. कॅम्प चारच्या पुढे, पश्चिमेला. २०१८ मध्ये वंशजांच्या संघटनेचा उद्यानाशी करार झाला आणि तिथे पुन्हा गोलघर व झोपड्या उभारण्याची परवानगी मिळाली. त्याच वर्षी, १९८२ पासून पडून असलेल्या त्यांच्या मान्यतेच्या अर्जावर सरकारचा प्राथमिक निर्णय मात्र विरुद्ध गेला. गोलघराचे मोठे लाकडी खांब पाहिले. प्रवासी कोणी नव्हते. मागे धबधब्याचा आवाज चालू होता.

परतताना मुलगी म्हणाली, बाबा, या धबधब्याचेही त्यांचे नाव असेल ना? होते. चोलॉक. व्हर्नलला ते यानोपा म्हणत, म्हणजे छोटा ढग. मी ती नावे वहीत लिहून घेतली आणि तिला पायवीॲकची गोष्ट सांगितली.