गामा आणि झिबिस्को : लंडनची अनिर्णित कुस्ती

गामा पैलवानाचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर बडोद्यात विरळाच. एखादे पोर अंगापिंडाने भरू लागले की "काय रे, गामा होणार का?" असे घरातले वडीलधारे आजही विचारतात. गामाची सर्वांत लोकप्रिय गोष्ट लंडनची. तो विलायतेला गेला, तिथे झिबिस्को नावाचा धिप्पाड गोरा पैलवान त्याच्यापुढे उभा राहिला आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गामाने त्याला आस्मान दाखवले, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे. पण तोंडातोंडी फिरता फिरता तिच्यात दोन वेगळ्या कुस्त्या एक झाल्या आहेत. झिबिस्को एका मिनिटाच्या आत चीत झाला हे खरे, परंतु ते पतियाळाला, १९२८ साली. लंडनची कुस्ती १९१० सालची. ती अडीच तासांहून अधिक चालली आणि निकाल न लागताच थांबली.

यंदाच्या स्मरणिकेत आम्ही या पहिल्या, अनिर्णित कुस्तीविषयी लिहीत आहोत. गोष्टीच्या ओघात ती मागे पडली आहे. आमच्या मते मात्र गामाचे खरे मोठेपण समजायचे तर तिच्याकडेच नीट पाहिले पाहिजे.

गामाचे मूळ नाव गुलाम महंमद बक्ष. १८७८ च्या सुमारास पंजाबातील अमृतसर भागात, पैलवानांच्याच घराण्यात त्याचा जन्म झाला. वडील अझीझ बक्ष हे दतिया संस्थानचे पैलवान. झाशी आणि ग्वाल्हेर यांच्या मधले हे छोटे संस्थान. वडील लवकर वारले आणि आजोळच्या माणसांनी मुलाला तालमीत वाढवले. १८८८ साली जोधपूरला बैठकांची मोठी स्पर्धा झाली. चारशेहून अधिक पैलवान उतरले होते. दहा वर्षांचा गामा शेवटच्या पंधरांत टिकला आणि जोधपूरच्या महाराजांनी त्याचे वय पाहून त्यालाच विजयी ठरवले. तेव्हापासून त्याच्या नावाचा बोलबाला झाला.

तो काळ संस्थानांचा होता. पैलवानाला दरबारातून पगार मिळे, दूध, तूप, बदाम असा खुराक मिळे आणि त्याने लढायचे ते संस्थानच्या नावाने. आपल्या बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत व्यायाम आणि मल्लविद्येला मोठा आश्रय होता. प्रो. माणिकरावांनी आपल्या मुसलमान वस्तादांच्या, जुम्मादादांच्या, नावाने चालवलेले व्यायाम मंदिर ही त्या काळाचीच देणगी. दतियाचा हिंदू राजा, पतियाळाचा शीख राजा, बडोद्याचा मराठा राजा आणि त्यांच्या मैदानात उतरणारे मुसलमान पैलवान, यात कोणालाच काही वेगळे वाटत नसे.

या तालमीतला एक रिवाज लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे कुस्तीला घड्याळ नव्हते. पाठ मातीला लागली की चीत, नाहीतर कुस्ती चालू. तासन्‌तास लढूनही कोणी चीत झाले नाही, तर ती बरोबरीत सोडवत. अशी कुस्ती सुटणे ही कमीपणाची गोष्ट नव्हती. खुद्द गामाचे नाव हिंदुस्थानभर झाले तेही एका बरोबरीमुळे. रहीम बक्ष सुलतानीवाला हा त्या काळचा सर्वांत नामांकित मल्ल, गामापेक्षा कितीतरी उंच आणि वयाने, अनुभवानेही मोठा. तरुण गामाने त्याच्याशी बरोबरी साधली तेव्हाच जाणकारांनी ओळखले की हा पुढचा माणूस.

आता लंडनकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे कुस्तीला उधाण आले होते. पण ती मैदानातली कुस्ती नव्हती, म्युझिक हॉलमधली होती. गाणारे, नकलाकार, जादूगार यांच्या बरोबरीने पैलवान रंगमंचावर येत. प्रेक्षक तिकीट काढून आलेले, कार्यक्रमाची वेळ ठरलेली. मग कुस्ती केव्हा संपवायची, कोणी किती वेळ तग धरायचा, हेही पुष्कळदा आधीच ठरू लागले. आज दूरदर्शन संचावर अमेरिकन कुस्त्यांचा जो तमाशा आपली नातवंडे पाहतात, त्याचे मूळ याच रंगमंचात आहे. आपल्याकडे अशा ठरवलेल्या लढतीला नूराकुस्ती म्हणतात.

१९१० साली गामा, त्याचा भाऊ इमाम बक्ष, अहमद बक्ष आणि गामू असे चार पैलवान या लंडनमध्ये दाखल झाले. त्यांचा खर्च बंगालमधील धनिक शरत्कुमार मित्र यांनी उचलला होता आणि व्यवस्था बेंजामिन नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होती. गामाची उंची पाच फूट सात इंचांच्या आसपास, वजन सुमारे ९० किलो. विलायती पैलवानांपुढे तो ठेंगणाच दिसे. म्हणून जाहिरात देण्यात आली, ती अशी की वजनाची कोणतीही अट न घालता कोणीही तीन पैलवान यावेत, गामा तिघांना अर्ध्या तासात पाडून दाखवील. आणि या चमूतील कोणापुढेही जो पाच मिनिटे टिकेल त्याला पाच पौंड बक्षीस.

८ ऑगस्ट १९१० रोजी अल्हाम्ब्रा थिएटरात गामापुढे बेंजामिन रोलर उभा राहिला. हा अमेरिकेतला नामवंत मल्ल, पेशाने डॉक्टर. गामाने त्याला पहिल्यांदा १ मिनिट ४० सेकंदांत आणि दुसऱ्यांदा ९ मिनिटे १० सेकंदांत पाडले. इमाम बक्षानेही स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला धूळ चारली. आता लंडनला या हिंदी पैलवानांची दखल घेणे भाग होते.

१० सप्टेंबरला झिबिस्कोशी लढत ठरली. शेफर्ड्स बुशच्या स्टेडियमवर, जिथे दोनच वर्षांपूर्वी ऑलिंपिक सामने झाले होते. बक्षीस २५० पौंडांचे, शिवाय 'जॉन बुल' या साप्ताहिकाने ठेवलेला जगज्जेतेपदाचा पट्टा. स्टानिस्लाउस झिबिस्को हा पोलंडचा, वजन ११५ किलोंच्या घरात, ताकदीला बैल. त्याला नुसता आडदांड समजणे मात्र चूक ठरेल. तो शिकलेला, अनेक भाषा जाणणारा आणि कुस्तीचा पक्का अभ्यासक होता. तीनच महिन्यांपूर्वी, १ जूनला, शिकागोत अमेरिकेच्या फ्रँक गॉचने पहिल्या फेरीत त्याला अवघ्या सहा सेकंदांत पाडले होते. सुरुवातीच्या झपाट्याची किंमत काय असते हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

कुस्ती सुरू झाली आणि पहिल्या मिनिटातच गामाने त्याला खाली घेतले. त्यानंतर जे घडले ते गोष्टीत कधी येत नाही. झिबिस्को खालीच राहिला. कधी हातापायांवर, कधी पोटावर, सारे अंग जमिनीला चिकटवून. अडीच तासांत तो मोजक्याच वेळा उठून उभा राहिला. गामा त्याच्या पाठीवर, मानेवर, हातांवर डाव टाकत राहिला, पण ते धूड उलटेना. याला कारणेही होती. आपल्या कुस्तीत खाली पडलेल्याचा जांघिया धरून त्याला उलटवता येते. तिकडच्या 'कॅच' पद्धतीत कपड्याला हात लावायची मुभा नव्हती. पायाखाली लाल माती नव्हती, चटई होती. शिवाय दोघांच्या वजनात २५ किलोंचा फरक. २ तास ३५ मिनिटांनी अंधार पडू लागला तेव्हा पंचांनी कुस्ती थांबवली.

प्रेक्षक चिडले. वृत्तपत्रांनीही झिबिस्कोवर टीकेची झोड उठवली. पैसे मोजून आलेल्यांना हा कसला खेळ, असे सर्वांना वाटले. पण थोडा विचार केला तर ध्यानात येते की ही कुस्ती कंटाळवाणी झाली कारण ती खरी होती. ठरवून केलेली लढत कधीच अशी होत नाही. तिच्यात उलथापालथ असते, हार-जीत शेवटच्या क्षणापर्यंत झुलत राहते, प्रेक्षक खूश होऊन घरी जातो. शेफर्ड्स बुशला एक माणूस जिंकण्यासाठी आणि दुसरा केवळ न हरण्यासाठी जीव तोडून झटत होता. यात तमाशाला जागाच नव्हती.

पुढची लढत १७ सप्टेंबरला ठरली. गामा आला, झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला देण्यात आला. लंडनचे जगज्जेतेपद मिळाले ते असे, प्रतिस्पर्ध्याची पाठ न लावता. त्यानंतर तिकडच्या मोठ्या नावांपैकी कोणी गामाशी लढायला पुढे आला नाही आणि पैलवान मायदेशी परतले. परतल्यावर अलाहाबादला रहीम सुलतानीवाल्याशी पुन्हा जोड लागली. या वेळी गामा जिंकला आणि 'रुस्तम-ए-हिंद' झाला. इमाम बक्षाचे नाव आपल्या कोल्हापूरशीही जोडलेले आहे. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात १९१२ साली त्याची कुस्ती झाली.

झिबिस्कोला भित्रा म्हणून सोडून देणे सोपे आहे. त्याचे पुढचे आयुष्य वेगळेच सांगते. १९२० नंतर अमेरिकेत कुस्ती पुरती कंत्राटदारांच्या हाती गेली. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियाला वेन मन या जगज्जेत्यापुढे झिबिस्कोने हरायचे असे ठरलेले होते. मन मूळचा फुटबॉलपटू, कुस्ती बेताचीच. झिबिस्कोने ऐनवेळी ठरलेले मोडले आणि त्याला पुनःपुन्हा खरेखुरे पाडले. अखेर पंचाला त्याच्या बाजूने निकाल द्यावाच लागला. त्यातही कंत्राटदारांचे आपसातले डावपेच होते, हे खरे. पण ते साधण्यासाठी अंगात खरी कुस्ती असलेला माणूसच लागला. म्हातारपणी, १९५० साली, 'नाइट अँड द सिटी' या चित्रपटात त्याने एका वृद्ध मल्लाची भूमिका केली. दिखाऊ कुस्तीचा तिरस्कार करणारा तो मल्ल आणि चित्रपटातले शहर लंडन! गामाशी चाळीस वर्षांपूर्वी तो जिथे लढला तेच शहर.

आणि पतियाळा? १९२८ च्या जानेवारीत महाराज भूपिंदरसिंगांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणले. दोघेही पन्नाशीच्या घरात. या वेळी आखाडा आपला, पद्धत आपली. झिबिस्को या वेळी पोटावर पडून राहिला नाही, उभा राहून लढला आणि मिनिटाच्या आत चीत झाला. त्या वयात समुद्र ओलांडून तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात आला, हेही विसरता कामा नये. लंडनचा हिशेब बाकी आहे हे त्यालाही ठाऊक असणार. पतियाळाचा तो एक मिनिट एवढा मोठा वाटतो तो त्याच्यामागे लंडनचे अडीच तास आहेत म्हणून.

कमाटीबागेतील आपल्या संग्रहालयात गामाच्या नावाचा एक दगड आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम महंमदने तो उचलल्याचे त्यावर कोरलेले आहे. वजन सांगितले जाते १२०० किलो. गामाने तो छातीशी धरून चालत नेला, असेही सांगतात. २०१६ साली जगातील बलदंडांपैकी एकाने ५०० किलोंची लोखंडी कांब गुडघ्यांच्या वर उचलली तेव्हा तो जागतिक विक्रम ठरला. हा आकडा मनाशी ठेवून दगडापुढे उभे राहावे. 'उचलला' म्हणजे नेमके किती आणि कसा, हा प्रश्न मुलांनी विचारला तर त्यांना गप्प करू नये. असा अवजड दगड जागचा हलवणे हीदेखील सामान्य माणसाची गोष्ट नव्हे, असे सांगावे.

फाळणीनंतर गामा लाहोरलाच राहिला. १९४७ च्या दंगलीत त्याने आपल्या मोहल्ल्यातील हिंदू शेजाऱ्यांचे रक्षण केले, असे सांगतात. उतारवयात आजारपण आणि पैशाची चणचण वाट्याला आली, तेव्हा भारतातून घनश्यामदास बिर्लांनी मदत पाठवली. २३ मे १९६० रोजी त्याचे निधन झाले. दतिया, बडोदे, पतियाळा ही संस्थाने त्याच्या डोळ्यांदेखत विलीन झाली होती. राजाश्रय संपला आणि त्या तालमींचे वैभवही ओसरले.

आमच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांकडे इतिहास बराचसा गोष्टींच्या रूपानेच आलेला आहे. आजोबांनी वडिलांना सांगितले, वडिलांनी आम्हाला. या गोष्टींचे मोल मोठे आहे आणि म्हणूनच त्या पुढे देताना हात राखून बोलावे. गामा मोठा ठरण्यासाठी लंडनची कुस्ती मिनिटात संपण्याची गरज नाही. परक्या देशात, परक्या नियमांनी, आपल्याहून कितीतरी जड माणसावर अडीच तास डाव टाकत राहणे आणि आठवड्याने पुन्हा त्याच मैदानावर हजर होणे, ही गोष्ट जशीच्या तशी सांगितली तरी पुरेशी आहे. गणपतीच्या दिवसांत घरात पाहुणे जमतात, मुले भोवती बसतात. या वर्षी त्यांना ती तशीच सांगू या.