एमबीए की पीएमपी? आधी थोडा इतिहास

बीटेक होऊन सहा वर्षं झाली, आता मला मॅनेजर व्हायचंय. बाबा म्हणतात एमबीए कर, टीम लीड म्हणतो पीएमपी पुरे. एकीकडे दोन वर्षं बिनपगारी आणि डोक्यावर कर्ज, दुसरीकडे काही महिने रात्रीचा अभ्यास. फीचे तक्ते बघून कंटाळलो, म्हणून दोन्हींचा इतिहास काढला.

एमबीए सुरू झालं 1908 साली, हार्वर्डमध्ये. अमेरिकेत रेल्वे, पोलाद कंपन्या अवाढव्य झालेल्या. पैसा, माल, माणसं असा सगळा कारभार बघणारे पगारी लोक हवे होते. मुंबईत जमनालाल बजाज संस्था आली 1965 मध्ये.

पीएमपीची मुळं मात्र वेगळीच. अमेरिकन नौदलाला पाणबुडीतून सुटणारं पोलारिस क्षेपणास्त्र बनवायचं होतं. कंत्राटदार हजारो. कुणाचं काम रखडलं तर सगळंच रखडेल, हे कळणार कसं? त्यासाठी 1958 मध्ये ‘पर्ट’ ही पद्धत निघाली. (आपल्या जिराची पणजीच म्हणा!) पुढे 1969 मध्ये पीएमआय ही संस्था आणि 1984 मध्ये पीएमपीची पहिली परीक्षा.

म्हणजे एक शिक्षण न संपणाऱ्या कंपनीसाठी, दुसरं कधीतरी संपवायच्याच कामासाठी. माझं रोजचं दुखणं रखडलेल्या रिलीजचं, म्हणजे पोलारिसवालं. ठरलं, पीएमपी! मग अट वाचली: पदवीधराला प्रोजेक्ट चालवल्याचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो. माझा भरला 14.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘बरं, मग बावीस महिन्यांनी बोलू.’’