पूर्वजांच्या अस्थी आणि भूमीचा हक्क : केनेविक प्रकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वसाहतवादाच्या इतिहासात जमीन, जंगल व भाषा यांच्या अपहरणाची चर्चा विपुल प्रमाणात झाली आहे. मृतांच्या अपहरणाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. एकोणिसाव्या शतकात कवट्यांच्या मापांवरून वंशांची श्रेणी ठरविण्यासाठी अमेरिकेतील मूलनिवासींची दफनस्थळे उकरली गेली आणि अस्थी संग्रहालयांत जमा झाल्या. या अस्थींवर अधिकार कोणाचा, याचा केनेविक प्रकरणाच्या आधारे शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रकरणाचे स्वरूप :
अमेरिकेने १९९० मध्ये मूलनिवासींच्या दफनस्थळांचे संरक्षण व अस्थींचे प्रत्यार्पण यांसाठी कायदा केला. जुलै १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील केनेविक येथे कोलंबिया नदीच्या पात्रात सुमारे ८५०० वर्षांपूर्वीचा मानवी सांगाडा सापडला. उमाटिला, याकामा, नेझ पर्स, कोलव्हिल आणि वानापम या समाजांनी त्याला आपला पूर्वज मानून पुनर्दफनाची मागणी केली. तथापि, कवटीची ठेवण आजच्या मूलनिवासींपेक्षा भिन्न असल्याचे सांगून आठ शास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या हक्कासाठी न्यायालयात धाव घेतली.

२००४ मध्ये अपील न्यायालयाने शास्त्रज्ञांच्या बाजूने निर्णय दिला. कायद्याच्या व्याख्येतील क्रियापद वर्तमानकाळी असल्याने आज अस्तित्वात असलेल्या समाजाशी संबंध सिद्ध होणे आवश्यक आहे, असा अर्थ न्यायालयाने लावला. मौखिक परंपरेचा पुरावा त्यासाठी अपुरा ठरला. परिणामी अस्थी सिएटलच्या बर्क संग्रहालयातच राहिल्या.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनाने या वादाला कलाटणी दिली. हा मानव जगातील अन्य कोणत्याही समूहापेक्षा अमेरिकेच्या मूलनिवासींना अधिक जवळचा असल्याचे त्यातून दिसून आले. या संशोधनासाठी कोलव्हिल समाजातील व्यक्तींनी स्वतःचे नमुने दिले होते. डिसेंबर २०१६ मध्ये अस्थी परत करण्याची तरतूद असलेला कायदा झाला. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी दोनशेहून अधिक लोकांच्या उपस्थितीत पुनर्दफन झाले. दफनस्थळ सुरक्षित राहावे म्हणून ते जाहीर करण्यात आले नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, मूलनिवासी समाजांचा दावा मुळातच खरा होता. परंतु तो मान्य होण्यास वीस वर्षे लागली. ज्या अभ्यासास त्यांचा विरोध होता, त्याच मार्गाने त्यांना पुरावा मिळाला, हेही नाकारता येत नाही. म्हणून विज्ञान आणि परंपरा यांत अटळ वैर आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. खरा प्रश्न संमतीचा व सिद्धतेच्या ओझ्याचा आहे. ज्यांची दफनस्थळे उकरली गेली, त्यांनीच नाते सिद्ध करावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येत नाही. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी संशोधन वा प्रदर्शनापूर्वी संबंधित समाजाची संमती आवश्यक केली आहे. केनेविकसारख्या दीर्घ लढ्यांचे मोल या तरतुदीमागे आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेतले पाहिजे.