खेकड्याचा ब्रेक

भाऊनं अकोल्यात विजेची स्कूटर घेतली. "ब्रेक दाबला की बॅटरी भरते, आबांच्या काळात होतं का असं?" होतं की रे!

कसाऱ्याच्या घाटात ३७ फुटांमागे एक फूट उतार. १९२८ साली जी.आय.पी. रेल्वेनं घाटांसाठी 'खेकडा' इंजिनं आणली. उतरताना त्यांच्या मोटारीच जनित्र होत. गाडी आवरली जाई, वीज वरच्या तारेत परत जाई आणि चढणाऱ्या गाडीच्या कामी येई. बॅटरीची गरजच नाही.

वऱ्हाडचा कापूस याच घाटानं मुंबईला उतरायचा. म्हणजे आपल्या गाठींच्या वजनावरही वीज निघत होती. आबा जिनिंगमध्ये त्या गाठींचा हिशेब लिहीत. घरी आल्यावर मात्र कंदिलाच्या उजेडात.