यॉर्कला गेलात तर ती निळी पाटी बघाच

इंग्लंडला जाणारी आपली एलजीबीटी जोडपी हमखास लंडन नाहीतर ब्रायटनचं बुकिंग करतात. करा की, मजा आहे तिथे. पण इतिहासाची थोडी आवड असेल तर दोन दिवस यॉर्कला ठेवा. लंडनहून रेल्वेने साधारण दोन तास. जुन्या तटबंदीच्या आतलं गाव आरामात पायी होतं.

मिन्स्टर बघायला सगळेच जातात. तिथून जवळच गुडरमगेट नावाचा रस्ता आहे, आणि तिथल्या दुकानांच्या मागे लपलेलं होली ट्रिनिटी हे लहानसं चर्च. १८३४ च्या ईस्टरला ॲन लिस्टर आणि ॲन वॉकर या दोघींनी इथे एकत्र प्रभुभोजन घेतलं. अंगठ्या आधीच दिल्या-घेतल्या होत्या. कायद्याच्या लेखी याला काडीची किंमत नव्हती, त्या दोघींच्या लेखी ते लग्न होतं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये दोन पुरुषांना समलिंगी संबंधांसाठी फाशी झाली. बायकांबद्दल मात्र कायदा गप्प होता. बायका असं काही करतील हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं म्हणा ना.

हे आपल्याला कळलं कारण लिस्टरबाई रोजनिशी लिहायच्या. जवळपास पन्नास लाख शब्द! त्यातला सहावा हिस्सा ग्रीक अक्षरं आणि बीजगणितातली चिन्हं वापरून सांकेतिक लिपीत. १८९० च्या दशकात त्यांच्या घराण्यातल्या जॉन लिस्टरने मित्राच्या मदतीने ती लिपी फोडली. मजकूर वाचून मित्र हादरला, म्हणाला जाळून टाक. जॉनने जाळलं नाही, शिब्डेन हॉलच्या लाकडी तावदानामागे दडवून ठेवलं. त्याचे उपकारच.

आता पाटीची गंमत. जुलै २०१८ मध्ये चर्चबाहेर सप्तरंगी काठाची निळी पाटी लागली. त्यात ॲनला लिंगाच्या चौकटीत न बसणारी उद्योजिका म्हटलं होतं. 'लेस्बियन' हा शब्दच नाही! लोक भडकले, दोन हजारांवर सह्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये पाटी बदलली. आता तिच्यावर 'लेस्बियन आणि रोजनिशीकार' असं स्पष्ट आहे. माझ्या मते भांडले ते बरोबरच. स्मारक उभारायचं आणि ज्यासाठी उभारलं तेच गाळायचं, हे आपल्याकडेही काही कमी होत नाही.

पहिल्या पाटीवर आणखी एक गोष्ट होती: हे नातं कायद्याच्या मान्यतेविना होतं. नव्या पाटीतून ते शब्द गेले. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अशी लग्नं होतात. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा फास सुटला, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे ती जुनी पाटी आपल्या जोडप्यांना आजही लागू.

आणि किंग्ज मॅनर चुकवू नका. तेव्हा तिथे मुलींची शाळा होती. ॲनचं पहिलं प्रेम तिथलंच, एलायझा रेन. जन्म मद्रासचा, वडील कंपनी सरकारचे डॉक्टर, आई भारतीय. दोघी माडीवरच्या एकाच खोलीत राहायच्या. ॲन पुढे दुसऱ्यांच्या प्रेमात पडली. एलायझाला १८१४ मध्ये वेडी ठरवलं गेलं आणि बाकीचं आयुष्य तिने यॉर्कमध्येच, दुसऱ्यांच्या देखरेखीखाली काढलं. १८६० मध्ये गेली. शहराबाहेर ऑस्बाल्डविकच्या चर्चच्या आवारात तिची कबर आहे. वेळ काढून तिथेही जा, फुलं घेऊन.